मास्तरांचा काफ

सत्यासाठी जगणारी माणसं शतकातून एखाददुसरीच जन्माला येतात, असं म्हणतात. त्यांतलं एक आमच्या शाळेत तबीयात शिकवायला होतं. सत्य शोधण्याची त्यांची रीत साधी होती. कोणतीही गोष्ट तीनदा विचारायची आणि येतील त्या उत्तरांची सरासरी काढायची.

ही रीत ते हैदराबादेत शिकताना प्रयोगशाळेत शिकले आणि तिला तिथे सोडून येणं त्यांना जमलं नाही. घरी ते स्वयंपाकघराच्या दारातून तीनदा विचारत, "झालं का?" आतून पहिल्यांदा "न्हाई" येई, दुसऱ्यांदा "न्हाई म्हनलं की", आणि तिसऱ्यांदा बाई वैतागून म्हणत, "झालं, बसा!" मास्तर पाटावर बसत. भाकरी एका अंगानं कच्ची निघाली की समाधानानं म्हणत, "बराबर हाय. सरासरी पुरी येतच न्हवती."

तबीयात म्हणजे भौतिकशास्त्र. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळेत सगळं शास्त्र उर्दूतून येई. घरी आई मराठीत शिव्या देई, शाळेत मास्तर उर्दूत न्यूटन सांगत, आणि दोन्हींचा अर्थ आम्ही चेहऱ्यावरून लावत असू. उष्णता म्हणजे हरारत, प्रकाश म्हणजे नूर, वीज म्हणजे बर्क. ध्वनीला सौत म्हणत. "कलसे सौत पढ़ेंगे," असं मास्तरांनी जाहीर केलं त्या दिवशी नांदूरघाटच्या देशमुखाचा पोरगा माझ्या कानाशी म्हणाला, "त्यात काय शिकायचं बे? आमच्या घरी दोन हायेत."

मास्तर मूळचे धारूरचे. वडिलांचं तिथं गुळाचं आणि तेलाचं दुकान होतं. अंगात काळी शेरवानी, वरच्या खिशात उष्णतामापक आणि गळ्यात शेरवानीच्या आत शिवलिंग, असा त्यांचा थाट असे. उष्णतामापक ते कशातही बुडवत. कुणी पाहुणा म्हणून बोलावलं की आधी चहाचं तापमान घेत, मग चहा घेत. तीन रीडिंगं होईपर्यंत चहा निवे, म्हणून त्यांचं मत झालं होतं की आमच्या भागात चहा थंडच देतात. 'रीडिंग' हा एक इंग्रजी शब्द त्यांनी हट्टानं ठेवला होता. बाकी सगळं शुद्ध उर्दू.

या शुद्धपणाचा त्यांना फार अभिमान होता. उर्दूतला क़ाफ़ घशाच्या तळातून काढावा लागतो. हैदराबादचे मोठमोठे हुद्देदार त्याचा सरळ 'ख' करून टाकतात, कलमाला खलम म्हणतात आणि कायद्याला खायदा. मास्तरांना हे सहन होत नसे. "मुलूख त्यांचा, जबान त्यांची, आन् काफ आमी सांभाळायचा," असं म्हणत. वर्गात ते आमच्याकडून रोज बर्क म्हणवून घेत.

"बरक."

"घशातून काढ."

"बरख."

"आरं, खोकला झाल्यावर काढतोस तसा काढ!"

देशमुखानं एकदा मनापासून काढला तेव्हा पुढच्या बाकावरच्या पोराला टोपी धुवावी लागली. मास्तर म्हणाले, "उच्चार बराबर हाय."

एकदा त्यांनी आम्हाला कपिलधारला नेलं. उंचावरून पडणारं पाणी खाली आपटतं तेव्हा किंचित गरम होतं, असं पुस्तकात होतं. मास्तर धबधब्याच्या माथ्यावर गेले, रीडिंग घेतलं, खाली उतरले, रीडिंग घेतलं आणि हे अर्थातच तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला ओल्या शेरवानीत धापा टाकत ते पाण्यात नळी धरून उभे होते, तेव्हा दर्शनाला आलेली एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "मास्तर, देवाच्या पान्याला ताप हाय का?"

"थोडा असाया पायजे," मास्तर खिन्नपणे म्हणाले, "पर निघंना."

"देवाची किरपा," म्हातारी म्हणाली.

आता त्या वर्षाबद्दल. आमच्या शाळेतला तबीयातचा वर्ग आरजी होता, म्हणजे तात्पुरता. त्यामुळे मास्तरही आरजी होते. त्या वर्षी मॅट्रिकच्या अमली इम्तहानात, म्हणजे प्रयोगांच्या परीक्षेत, आमचा वर्ग कसा ठरतो ते पाहून हैदराबादेहून हुकूम यायचा होता: वर्ग कायम, नाहीतर बंद. कायम झाला तर मास्तर मुस्तकिल. बंद झाला तर मास्तर धारूरला, वडिलांच्या दुकानात. वडिलांनी आधीच कळवलं होतं की जागा आहे, पण गूळ तीनदा जोखणारा माणूस दुकानात चालायचा नाही. गिऱ्हाईक पहिल्या तोलावरच थांबलं पाहिजे, असा त्या घराण्याचा व्यवसायधर्म होता.

अभ्यासक्रमात प्रयोग तीसेक होते. उजळणीला वेळ तीन प्रयोगांपुरता होता. कोणते तीन, हे ठरवायला मास्तरांनी शाळेच्या अंगणातल्या लिंबाखाली रोज संध्याकाळी आमची बैठक भरवली. इतर शाळांत मास्तर सांगत आणि पोरं करत. आमचे मास्तर परीक्षकाच्या, म्हणजे मुम्तहिनच्या, मनाचा शोध घेत.

"मुम्तहिन बी मानूस हाय," ते म्हणत. "आदी त्याचं मन धरा, मग कपाट उघडा."

मन आणि कपाट यांची सांगड अशी बसली. नूरचा लोलक तडकलेला होता, त्यातून सात रंगांऐवजी चौदा निघत, म्हणून नूर बाद. सौतच्या यंत्राची तार कुणीतरी पतंगाला नेली होती. लोहचुंबक रावजी चपराशानं विहिरीत पडलेली घागर काढायला वापरला आणि तो घागरीबरोबर वर आलाच नाही. राहता राहिली बर्क. तिचं सामान होतं, म्हणजे काचेचं भांडं होतं, जस्ताची कांडी होती, सुई हलणारं यंत्रही होतं. फक्त तांब्याची तार सदर मुदर्रिसांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, आपल्या खोलीतला वाळ्याचा पडदा बांधायला घेतली होती.

"तार मागून आणू का?" मी विचारलं.

"कावून? बर्क मागल्या साली आलती. त्यो काय येडा हाय, दोनदा तेच इचारायला? कंटाळतो मानूस."

तर बर्क बाद. लंगर, म्हणजे लंबक, घ्यायचा ठरला, कारण दोरी आणि दगड कधी मोडत नाहीत. अर्शमीदसचा, म्हणजे आर्किमिडीजचा, नियम घ्यायचा ठरला, कारण पाणी होतं. तिसऱ्या प्रयोगावर गाडी अडली. मास्तरांनी तीन संध्याकाळी विचार केला आणि तिन्ही संध्याकाळी वेगळं उत्तर आलं. घर्षणाचा, हरारतीचा आणि हवेच्या दाबाचा प्रयोग यांची सरासरी कशी काढायची, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं.

मुम्तहिन आमच्याआधी मोमिनाबादला परीक्षा घेणार होता. मास्तरांनी रावजीला तिकडे धाडलं. परीक्षकाच्या खानसाम्याशी ओळख काढायची, विडी द्यायची आणि साहेब या खेपेला काय विचारणार ते काढून आणायचं. रावजी हुशार माणूस. दोन दिवसांत परत आला, अंगणात बसला आणि म्हणाला, "कळलं. बरफ."

"बर्फ?"

"बरफ. खानसामा म्हनला, आमचे साब यंदा समद्यांना बरफच इचारनार."

मास्तर काही भोळे नव्हते. त्यांच्या मनात लगेच शंका आली, आणि ती योग्य होती. ते पुढे वाकले आणि घशाच्या तळातून, निर्दोष उच्चारात त्यांनी विचारलं, "बर्क़ तर म्हनला न्हाई?"

रावजीनं विचार केला. "न्हाई मास्तर. असा घसा खाकरला न्हाई त्यानं."

"पुन्यांदा सांग."

"बरफ."

"तिसऱ्यांदा?"

"बरफ, मास्तर. वरून साहेब लई उकाडा, लई उकाडा करीत होता म्हनं."

तीन रीडिंगं एकसारखी आली होती. मास्तरांच्या आयुष्यात असं क्वचित घडे. ते उभे राहिले. हरारते-मख़्फ़ी, म्हणजे बर्फ वितळताना तो जी उष्णता गुपचूप पिऊन टाकतो तिचा प्रयोग, पुस्तकात अगदी शेवटी होता. आजवर आमच्या जिल्ह्यात तो कुणी केला नव्हता, कारण आमच्या जिल्ह्यात बर्फ नव्हता.

"मास्तर," देशमुख म्हणाला, "बरफ म्या गारा पडल्यावर पायलाय. आता कुठून आनायचा?"

"बार्शी."

बार्शी इंग्रजी मुलखात. तिथे बर्फाचा कारखाना होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तर, देशमुख आणि मी सर्विस मोटारनं बार्शीला गेलो आणि एक मोठी लादी लाकडाच्या भुशात घालून, वर दुहेरी गोणपाट शिवून मोटारीत ठेवली. वाटेत मास्तर आमच्याकडून घोकून घेत होते. बर्फ किती दर्ज्यावर वितळतो? भुशात का ठेवतात? भुसा गैर-मूसिल आहे, त्यातून उष्णता जात नाही. शाबास. देशमुखाला आयुष्यात पहिल्यांदा एक प्रकरण पाठ झालं, कारण तो त्याच्यावर बसला होता.

सरहद्दीवर करोडगिरीचा नाका लागला. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर तिथे महसूल घेत. मुहर्रिरनं, म्हणजे तिथल्या कारकुनानं, गोणपाट उसवलं, लादी काट्यावर ठेवली आणि वजन लिहून घेतलं. तेवढ्यावर आम्ही सुटलो असतो. पण मास्तर म्हणाले, "एक रीडिंगपर भरोसा नक्को. तीन लेव."

मुहर्रिरनं पुन्हा जोखलं. वजन कमी भरलं. त्यानं आमच्याकडे पाहिलं.

"बाखी माल किधर है?"

"वो पिघल गया, साब."

"किधर गया?"

मास्तरांनी जमिनीकडे बोट दाखवलं. जमीन कोरडी होती. ऊन तसंच होतं. मुहर्रिरनं देशमुखाचे खिसे तपासले. तिसऱ्यांदा जोखलं तर वजन आणखी उतरलं. नाक्यावर माल डोळ्यांदेखत चोरीला जातो आहे आणि चोर सापडत नाही, असा प्रसंग त्या माणसावर आधी आला नसावा.

"तीनोंकी सरासरी लेव," मास्तर म्हणाले.

"सरासरीका माल दिखाव, लेतूं," मुहर्रिर म्हणाला.

मग त्यानं दरांचं कोष्टक काढलं. त्यात कापड होतं, तांबं होतं, खजूर होता, बर्फ नव्हता. पाणी होतं, आणि पाण्यावर महसूल माफ होता. मुहर्रिर मनानं चांगला होता. त्याचा चेहरा उजळला. "ऐसा करो मास्टर साब, छाँवमें बैठो. थोड़ी देरमें सब पानी हो जाता. फिर मुफ़्त लेके जाव."

मास्तरांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. धारूरचं दुकान त्यांना त्या झाडाच्या सावलीत स्पष्ट दिसत असावं. त्यांनी हात जोडून विनंती केली की पहिल्या वजनावर, सगळ्यांत जास्त वजनावर, महसूल घ्या, पण आता घ्या. करोडगिरीच्या नाक्यावर जास्त महसूल घ्या म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मुहर्रिरनं संशयित म्हणून आणखी काही वेळ बसवून ठेवला. तोवर मोटार निघून गेली. उरलेला रस्ता आम्ही कडबा वाहणाऱ्या एका बैलगाडीतून केला. मास्तर शेरवानी काढून गोणपाटावर पांघरून बसले होते.

शाळेत पोचलो तेव्हा परीक्षेची वेळ झाली होती. गोणपाट सोडलं. भुशात नारळाएवढा बर्फ शिल्लक होता.

मुम्तहिन सदर मुदर्रिसांच्या खोलीत खुर्चीवर बसून रुमालानं वारा घेत होता. जाडजूड, घामाघूम, अस्सल हैदराबादी. तोंडी परीक्षेला त्यानं पहिल्यांदा देशमुखालाच बोलावलं. मास्तर माझ्या शेजारी दाराशी उभे होते.

"हौ जी," मुम्तहिन म्हणाला, "बरख़के बारेमें बोलो."

मास्तरांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो घट्ट झाला. क़ाफ़चा ख. बर्क. वीज. ज्या एका उच्चाराचा त्यांनी वर्षभर तिरस्कार केला होता तो समोरून चालत आला होता, आणि देशमुख मात्र हसत होता, कारण त्याला प्रश्न येत होता.

"बरखकू हात लगाए तो क्या होता?"

"हात सुन्न पड़ता, साब."

"ठीक. उसकू किसमें रखना?"

"भूसेमें. नईं तो लकड़ीमें. भूसा गैर-मूसिल है."

"शाबाश!" मुम्तहिन सावरून बसला. "क़ुदरतमें किधर मिलती?"

"बादलमें, साब. कभी-कभी ऊपरसे गिरती बी है."

"गिरी तो?"

"ज्वारीका सत्यानास."

"बहोत ख़ूब. और कारख़ानेमें बनाते क्या?"

"हौ साब. बार्शीमें."

मुम्तहिननं मान डोलावली. बार्शीत गिरण्या आहेत हे त्याला ठाऊक असावं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. सत्यासाठी जगणारा तो माणूस त्या क्षणी सत्य बाहेर पडू नये म्हणून मनोमन जप करीत असावा. त्यांचा दुसरा हात शेरवानीच्या आत, गळ्यापाशी होता.

"तो फिर बार्शीसे इधर कैसे लाना?" मुम्तहिननं विचारलं. तारेतून, एवढंच उत्तर हवं होतं.

"बैलगाड़ीमें," देशमुख म्हणाला.

मुम्तहिननं लेखणी खाली ठेवली.

"बैलगाड़ीमें?"

"मोटारमेंच ला रहे थे साब, पन करोडगिरीवाले पकड़ लिए. आधी उधरच बह गई."

वाळ्याच्या पडद्यातून पाणी ठिबकत होतं. तांब्याची तार अगदी मजबूत बांधलेली होती. मुम्तहिन उठला, मास्तरांपुढे आला आणि त्यानं हळू आवाजात विचारलं, "मास्टर साब, ये बच्चेकू आप क्या पढ़ाए?"

मास्तरांना खोटं बोलता येत असतं तर ती वेळ होती. ते आत गेले आणि परातीत तो बर्फ घेऊन आले. एव्हाना त्याचं मोठं लिंबू झालं होतं.

"हुज़ूर," ते म्हणाले, "बर्फ."

चैत्राच्या त्या उकाड्यात मुम्तहिन परातीवर वाकला. मग त्यानं बोट लावलं. मग सगळी हकिकत विचारली आणि मास्तरांनी ती पहिल्यापासून सांगितली. खानसामा, रावजी, नाका, काहीही न वगळता. मुम्तहिन हसला नाही. त्यानं विचारलं, "हरारते-मख़्फ़ी? करके दिखाते क्या? मैं ख़ुद किताबमेंच देखा."

मास्तरांनी गरम पाणी मागवलं. बर्फ रुमालानं टिपला, पाण्यात सोडला, खिशातला उष्णतामापक बुडवला. आम्ही सगळे परीक्षार्थी, मुम्तहिन आणि दारातून सदर मुदर्रिस असे त्या भांड्यावर वाकलो. पारा उतरत गेला. बर्फ दिसेनासा झाला. मास्तरांनी आकडा सांगितला, मुम्तहिननं कागदावर भागाकार केला आणि तो म्हणाला, "क़रीब-क़रीब किताबका जवाब है." खरं तर त्यानं 'ख़रीब' म्हटलं, पण मास्तरांनी त्या दिवशी ते ऐकलं नाही.

"दूसरी रीडिंग?" मुम्तहिननं उत्सुकतेनं विचारलं.

"हुज़ूर, बर्फ ख़त्म."

माझ्या माहितीत मास्तरांनी एकाच रीडिंगवर समाधान मानल्याचा हा एकमेव प्रसंग. ते भांडं त्यांनी नंतर कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं होतं.

आम्ही सगळे पास झालो. देशमुखाला तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त गुण होते. लेखणी खाली ठेवण्यापूर्वीचे गुण मुम्तहिननं कापले नाहीत. जाताना त्यानं शाळेच्या शेऱ्यात घाईघाईनं लिहिलं की या मदरशातला बर्फाचा इंतजाम अत्यंत काबिले-तारीफ आहे.

उर्दू लिपीत बर्फ आणि बर्क यांत शेवटच्या अक्षरावरच्या एका नुक्त्याचा, म्हणजे टिंबाचा, फरक असतो. हैदराबादच्या दफ्तरातल्या कुणा कारकुनानं शेरा वाचला, सरकारी मदरशात बर्फ कशाला असेल असा शहाण्यासारखा विचार केला आणि कमी पडलेला नुक्ता आपल्या पदरचा घातला. पावसाळ्यात हुकूम आला. सदर मुदर्रिसांनी तो सगळ्या शाळेपुढे वाचला. ज्या अर्थी या मदरशात बर्कचा इंतजाम अत्यंत काबिले-तारीफ आहे, त्या अर्थी तबीयातचा वर्ग आणि त्याचे मास्तर मुस्तकिल करण्यात येत आहेत.

आम्ही मास्तरांकडे पाहिलं. नुक्त्यावरून पोरांना उभं करणारा हा माणूस आता काय करणार, असा प्रश्न होता. त्यांनी हुकूम हातात घेतला आणि वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. तिन्ही वेळा बर्कच निघालं.

"रीडिंग पक्कं हाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कागद घडी करून शेरवानीच्या खिशात, उष्णतामापकाच्या शेजारी ठेवला.

धारूरला ते परत गेले ते पेन्शन घेऊनच. आमच्या गावात वीज आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, निजामाचं सरकार जाऊन दुसरं आल्यावर. बर्फ अजून बार्शीहूनच येतो.